दोनशे नववा दिवस

आमच्या गटात नाव सांगायचं नसतं, गाव सांगायचं असतं. सकाळी साडेसहाला मोबाइलवर मीटिंग सुरू होते. एकेक जण आवाज चालू करतो, आपलं गाव सांगतो आणि न पिता आज कितवा दिवस ते सांगतो. एवढं झालं की ज्याला बोलायचंय त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मी मळवली. गट चालवणारे आबा म्हणजे घोरावाडी. कारखान्यातून निवृत्त झालेले, दारू सोडून बरीच वर्षं झालेली, आणि कॅमेरा कायम चालू ठेवणारे एकटे तेच. बाकी आम्ही सगळे काळे चौकोन.

लोणावळ्यात अशा मीटिंगा समोरासमोरही भरतात म्हणे. पण मावळात कुणाची मोटारसायकल कुठं उभी होती हे संध्याकाळपर्यंत चार गावांना ठाऊक होतं. गुत्त्यापुढं गाडी दिसली तर कुणी ब्र काढत नाही. दारू सोडायच्या मीटिंगपुढं दिसली तर मात्र 'एवढी होती का त्याला?' म्हणून घरोघर चर्चा. त्यापेक्षा मोबाइल बरा. अर्थात नाव लपवण्याचा हा खटाटोप तसा विनोदीच आहे. घोरावाडीच्या मागं लोकल थांबल्याचं ऐकू येतं आणि माझ्या मागं शेजाऱ्याचा कोंबडा. शोधायचं म्हटलं तर कुणीही कुणालाही शोधून काढेल. कुणी काढत नाही, एवढंच.

मी मळवलीतल्या एका बंगल्याची देखभाल करतो. मालक मुंबईला असतात. शुक्रवारी पाहुणे येतात, रविवारी दुपारी जातात आणि सोमवारी मी त्यांच्या मागचं आवरतो. आमच्या भागातल्या केअरटेकर लोकांत एक न लिहिलेला नियम आहे. पाहुण्यांचं जे उरेल ते आपलं. केक, पनीर, शीतपेयं, कोळशाची अर्धी पिशवी, आणि बाटल्या. अर्ध्या, पाव, कधी तर झाकणही न उघडलेल्या. माझी दारू अशी लागली. विकत घ्यायला गेलो असतो तर खिशाला कळलं असतं, बायकोला कळलं असतं. ही तर दर सोमवारी ओट्यावर माझी वाट बघत उभी असायची. पहिली दोन वर्षं फक्त सोमवार होता. मग मंगळवारसाठी थोडी लपवून ठेवायला लागलो, आणि पुढं आठवड्याला वार उरले नाहीत.

त्या वर्षांबद्दल फार लिहीत नाही. पिणाऱ्यांच्या गोष्टी सगळ्या सारख्याच असतात आणि पिणाऱ्यालाच त्या वेगळ्या वाटतात. माझी बायको अंगणवाडीत आहे. दुसऱ्यांच्या पोरांना हात धुवायला शिकवून घरी यायची आणि माझे पाय धुवायची. एक दिवस तिनं भांडण न करता, अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुमी मेला तर लोकास्नी काय सांगू? कशानं गेला म्हनू?" त्या आठवड्यात मी गटाची लिंक उघडली. लिंक तिनंच कुठूनशी आणली होती.

आता इथं एक सांगायला हवं. आम्ही बौद्ध. आमच्याकडं पौर्णिमेला विहारात वंदना होते आणि पंचशील म्हटलं जातं. त्यातलं पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. माझा आवाज मोठा, म्हणून पुढं बसून मी सांगायचो आणि सगळे मागून म्हणायचे. पीत होतो तेव्हा पाचव्याला मला बरोबर खोकला यायचा. मी खोकायचो, बाकीचे आपलं आपण म्हणून घ्यायचे. सगळ्यांना सगळं कळत होतं, पण आमच्यात आवाजाचा तुटवडा होता. दारू सोडल्यावर तिसऱ्या पौर्णिमेला मी ते न खोकता म्हटलं. बायकांच्या रांगेत माझी बायको पदर तोंडाला लावून बसली होती. मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बंगल्यावरच्या सोमवारच्या बाटल्यांसाठी मी रीत बसवली होती. नाकाला ओला रुमाल, नळ पूर्ण सोडलेला, आणि तोंड खिडकीकडं करून एकेक बाटली बेसिनमध्ये ओतायची. शेजारच्या बंगल्याचा वॉचमन कुंपणावरून बोंबलायचा, "आरं पाप लागंल तुला, हिकडं दे की!" देऊही शकलो असतो. पण देण्यासाठी बाटली हातात धरून चालत जावं लागलं असतं, आणि तेवढ्या अंतराची मला खात्री नव्हती.

दोनशे आठव्या दिवशी सोमवार होता. पावसाळ्यातली पाहुण्यांची रीघ चालू होती. आदल्या दिवशी लेकुरवाळी मंडळी येऊन गेली होती. पोहण्याच्या टाकीत चिप्सची पाकिटं, हॉलमध्ये फुगे, भिंतीवर हाताचे ठसे. बाटल्या मी सकाळीच रीतसर ओतल्या. टाकी साफ करून घामाघूम होऊन आत आलो आणि फ्रिज उघडला. संत्र्याच्या रसाचा मोठा जग होता, वर पुदिन्याची पानं. पोरांचा असणार म्हणून ग्लासात ओतून घेतला. असा रस मी पन्नास वेळा तरी प्यायलो असेन.

पहिल्याच घोटात कळलं. रसात व्होडका होती, आणि कमी नव्हती. पहिला घोट चुकून होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. दुसरा चुकून नव्हता. दुसऱ्याच्या आधी मी ग्लास ओट्यावर ठेवला होता. त्याच्याकडं बघितलं होतं. घरात कुणी नाही हेही बघितलं होतं. मग जग रिकामा होईपर्यंत मी ओट्याशी उभाच होतो. जग धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन संध्याकाळपर्यंत झोपलो. घरी आल्यावर टाकी साफ करून अंग मोडल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सांगायचं असं मी रात्रीच ठरवलं होतं. आमच्यात कुणी घसरलं तर ओरडत नाहीत. दिवस परत एकपासून मोजायचे, एवढंच. किती जणांना मी असं परत एकवर येताना ऐकलं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. पण माझ्या आधी एक नवा चौकोन आला आणि एक घोगरा, बिचकलेला आवाज म्हणाला, "कुरवंडे. म्हंजी... आज पैलाच."

आबांनी त्याचं स्वागत केलं आणि म्हणाले, "कुरवंडे, घाबरू नका. तुमच्यानंतर कोण आहे ऐका. बोला, मळवली. आज कितवा?"

मी म्हणालो, "दोनशे नववा."

ते तोंडातून आलं. आदल्या दिवशी दोनशे आठ म्हटलं होतं, त्याच्या पुढचा आकडा जिभेवर आपोआप आला. लगेच मागं घेता आला असता. पण तो नवा माणूस म्हणाला, "बाबो! दोनशे?" आणि त्या आवाजात इतकं कौतुक होतं की मी गप्प राहिलो. खरं म्हणजे त्या सकाळी आम्हा दोघांचाही पहिलाच दिवस होता. त्यानं तो सांगितला.

आबांनी नव्या माणसाला सोबती म्हणून मला नेमलं. रोज संध्याकाळी सहाला त्यानं मला फोन करायचा. चेहरा नाही, नाव नाही, नुसता आवाज. हळूहळू त्याचं सगळं कळलं. पाहुण्यांना जीपमधून कड्यापर्यंत फिरवायचा त्याचा धंदा. बायको दोन मुलींना घेऊन माहेरी निघून गेली होती आणि सासऱ्यानं चार माणसांत सांगितलं होतं की, सहा महिने कोरडा राहून दाखव, मग पोरी परत येतील. त्याआधी गावच्या देवाचा भंडारा उचलून त्यानं शपथ घेतली होती, ती आठ दिवस टिकली. लिव्हर सुजलंय, आता प्यालास तर माझ्याकडं येऊ नकोस, असं डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणजे त्या माणसासाठी हे सहा महिने अक्षरशः सगळं होतं.

मी त्याला छान छान सांगायचो. संध्याकाळी सहा ते आठ घराबाहेर राहू नको. खिशात गुळाचा खडा ठेव. ज्या वळणावर गुत्ता आहे तिथं जीपचा गियर बदलायचा नाही, थेट वर यायचं. तो सगळं ऐकायचा आणि करायचा. एकदा त्यानं विचारलं, "भाऊ, तुमी येकदाबी घसरला न्हाई का हो?"

"न्हाई," मी म्हणालो.

हा एक शब्द मला त्या रसाच्या जगापेक्षा जड गेला. जगाचं निदान मी स्वतःला चुकून म्हणून तरी सांगू शकत होतो. फोन ठेवला आणि बंगल्याच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती गरागरा फिरत राहिलो. तेव्हापासून मला बसवेनाच. साफ केलेली पोहण्याची टाकी परत साफ करायचो, लॉनवर पानं शोधत हिंडायचो. पौर्णिमेला पाचवं शील तर इतक्या मोठ्यानं म्हणायला लागलो की बायको घरी येताना म्हणाली, "आता किती खनखनीत म्हनता वो!" मला तिचा राग आला. तिचा काय दोष होता? पण आला.

गटात वर्ष पूर्ण झालं की वाढदिवस करतात. त्या दिवशी घरच्यांनाही मीटिंगमध्ये बसू देतात आणि रिवाज असा की आधी घरचं माणूस बोलतं, मग ज्याचा वाढदिवस तो. माझं वर्ष जवळ आलं तशी आबांनी तारीख पक्की केली आणि बायकोला कळवायला सांगितलं. मी कळवलंही. न कळवण्याचं कारण काय सांगणार होतो?

ती हरखून गेली. अंगणवाडीच्या वहीतला एक कागद फाडून तिनं भाषण लिहिलं. चार जणांपुढं बोलायची तिला भीती, म्हणून आठ दिवस रोज पाठ करायची. भाकरी थापताना, भांडी घासताना, केस विंचरताना. "नमो बुद्धाय, जयभीम, नमस्कार. माझ्या मालकांनी वर्षभरात एकदाही दारूला शिवलं नाही." कागदावर तिची भाषा शाळेतली होती. "एकदाही" या शब्दाशी ती दर वेळी अडखळायची आणि परत पहिल्यापासून सुरू करायची. मी दाराबाहेर चपला घालून उभा असायचो आणि तो शब्द मला आठ दिवसांत शंभर वेळा ऐकावा लागला. एका सकाळी मी तिच्यावर खेकसलो, "पुरे की आता!" तिला वाटलं, मी लाजलो. ती हसली.

वाढदिवसाला चार दिवस उरले असताना संध्याकाळी सहाला कुरवंड्याचा फोन आला नाही. सव्वासहाला मी लावला, बंद. दुसऱ्या सकाळी मीटिंगला त्याचा चौकोन नव्हता. आदल्याच सकाळी त्याचा एकशे त्रेपन्नावा झाला होता. सहा महिन्यांना जेमतेम चार आठवडे राहिले होते. मी कामाला न जाता मोटारसायकल काढली आणि सरळ कुरवंड्याचा रस्ता धरला.

वर पोहोचलो आणि चहाच्या टपरीशी गाडी लावली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मला काहीच माहीत नाही. पाच महिने रोज बोलत होतो, त्याच्या मुलींची आवडती भाजी मला ठाऊक होती, पण त्याचं नाव नाही, आडनाव नाही, तोंड कसं आहे ते नाही. गटात मी त्याला कुरवंडे म्हणायचो. कुरवंड्यात येऊन कुरवंड्याला कसं विचारायचं? दारू सोडलेला माणूस कुठं राहतो म्हणून विचारलं असतं तर त्याची गावात शोभा झाली असती. जो आमचा एवढा मोठा नियम, तोच माझ्या पायात आला होता.

"जीपवाले हितं कुटं राहतात?" मी टपरीवाल्याला विचारलं.

"कंचा जीपवाला? हितं लय जीपवाले हायती. नाव काय त्याचं?"

"नाव न्हाई म्हाईत."

"मंग काम काय हाय?"

"काय न्हाई. सहज."

टपरीवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी चहा घेतला, तो संपेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक माणसाचा आवाज कान देऊन ऐकला. एका ओट्यावर एक जण पालथा पडला होता. त्याच्या जवळ जाऊन उभा राहिलो. तो झोपेत बरळला, आवाज निराळा होता. धूळ खात पडलेली एक जीपही एका घराशी दिसली, पण दार लावलेलं होतं आणि ते त्याचंच कशावरून? तासभर त्या गावात मी वेड्यासारखा फिरलो. शेवटी पोरं मागं लागायला लागली तेव्हा खाली उतरलो.

वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्याचा आवाजातला निरोप आला. जीभ जड नव्हती, पण माणूस विझलेला होता. "भाऊ, म्या पेलो. चुलत भावाच्या हळदीत पेलो, मंग दुसऱ्या दिशी, तिसऱ्या दिशी. आज न्हाई पेलो, पन आता मोजून काय करायचं? तुमी येगळे हाय. तुमचं मन दगडाचं. माज्यासारक्याचं ते काम न्हाई. उद्या तुमचा वाढदिवस तेवढा ऐकतो आन मंग आबांना म्हना, माजं नाव काडा गटातनं."

मी तो निरोप सात वेळा ऐकला. फोन लावला तर उचलत नव्हता. लिहून पाठवावं तर काय? 'मी पण प्यालो होतो' एवढे चार शब्द टाइप केले आणि पुसले. भीती त्याची नव्हतीच. बायको आत इस्त्री करत होती, उद्याच्या साडीला.

सकाळी उठल्यावर तिला सांगायचं असं ठरवलं. तिनं डोक्यावरून अंघोळ केली होती, ठेवणीतली साडी नेसली होती, निळी. शेवयाची खीर गॅसवर होती. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "ऐक ना, एक बोलायचंय."

"आता काय बी बोलू नका," ती म्हणाली. "माजं पाठ जाईल."

मी आणखी एकदा तोंड उघडलं असतं तर तिनं ऐकलं असतं. मी उघडलं नाही. पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवला, कॅमेरा पहिल्यांदाच चालू केला आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. चौकोन भरत गेले. शेवटी कुरवंडेही आला, काळा, आवाज बंद.

आबांनी दोन शब्द बोलून तिला बोलायला सांगितलं. तिनं कागद हातात धरला, पण वाचला नाही. पाठ म्हटलं सगळं. "वर्षभरात एकदाही" या ठिकाणी ती आज अडखळली नाही. मग कागदावर नसलेलंही बोलली. की हे माणूस आता घरी येतं तेव्हा मला पावलांवरून कळून घ्यावं लागत नाही. की मी रात्री झोपते. चौकोनांतून टाळ्या वाजल्या, कुणाकुणाचे कॅमेरे उघडले. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. तसा मी अर्धा उठलोही, तिनं गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"बोला, मळवली," आबा म्हणाले. "आज तीनशे पासष्टावा."

"न्हाई," मी म्हणालो. "एकशे सत्तावन्नावा."

आबांना वाटलं आवाज तुटला. मी परत सांगितलं. मग रसाचा जग सांगितला. पहिला घोट सांगितला, दुसरा सांगितला. मागच्या खोलीत झोपलो ते, दुसऱ्या दिवशी खोटं बोललो ते. आणि मग कुरवंड्याचं नाव घेऊन सांगितलं की, "तुमी मला ईचारलं व्हतं, घसरला न्हाई का म्हनून. म्या न्हाई म्हनलो. ते खोटं व्हतं. ज्या दिशी तुमचा पैला, त्याच दिशी माजा बी पैलाच. दगडाचं मन बिन कायबी न्हाई. तुमी तरी खरं मोजलं."

शेजारी बायको काय करत होती ते बघायचं मला धाडस झालं नाही. मी मोबाइलकडंच बघत होतो. मग कुरवंड्याच्या चौकोनातला आवाज चालू झाला.

"पाच म्हैने," तो म्हणाला. "पाच म्हैने मला गंडवलं तुमी. रोज फोन केला म्या. ह्यो घसरत न्हाई आन मलाच कसं व्हतं, म्हनून डोकं आपटून घ्यायचो भित्ताडावर."

"व्हय," मी म्हणालो.

त्यानं मला एक कचकचीत शिवी दिली. मीटिंगमध्ये शिवी चालत नाही, आबांनी तरी अडवलं नाही. मग तो म्हणाला, "कुरवंडे. आज दुसरा." आणि आवाज बंद केला. चौकोन तिथंच राहिला.

आबा फक्त एवढंच म्हणाले, "मळवली, कुरवंडे, संध्याकाळी सहाचा फोन चालू ठेवायचा. आज कोण कुणाला करतंय ते तुमचं तुम्ही बघा." मग पुढच्या गावाला त्यांनी बोलायला सांगितलं, आणि मीटिंग रोजच्यासारखी संपली. मला इतकं हलकं वाटलं की हसू यायला लागलं. त्या हसऱ्या तोंडानंच मी बायकोकडं वळलो.

ती कागदाची घडी घालत होती. चार घड्या झाल्या, आठ झाल्या, पुढं घडी बसेना तरी ती दाबत होती.

"तुला सकाळी सांगायला आलो व्हतो," मी म्हणालो.

"व्हय. आलता."

"तू म्हनालीस पाठ जाईल."

तिनं मान वर केली. "त्या मानसाचं तोंडबी तुमी बगितलं न्हाई. त्याला खरं सांगितलं. म्या पाच म्हैने हितंच व्हते, ह्याच घरात." तिचा आवाज चढला नव्हता. "आन ज्ये खोटं व्हतं, त्ये समद्यांम्होरं माज्या तोंडून वदवलं."

मी काहीतरी बोलायला लागलो, की तो गट सोडून चालला होता, त्याच्या लिव्हरचं असं आहे, मुली माहेरी आहेत. सगळं खरं होतं. ती ऐकत उभी राहिली, आणि मला बोलता बोलताच कळत गेलं की यातलं एकही तिच्या बोलण्याला उत्तर नाही. ठेवणीतली साडी सोडून ती रोजची नेसली आणि अंगणवाडीला निघून गेली. खीर मी झाकून ठेवली.

संध्याकाळी सहाला मी बंगल्याच्या गच्चीवरून फोन लावला. कुरवंड्यानं उचलला. उद्या तिसरा म्हणाला, आणि ठेवताना भाऊ म्हणाला. मी घरी आलो.

ती दारातच उभी होती. पिण्याच्या वर्षांत ती अशीच उंबऱ्यात अडवायची, जवळ यायची आणि काही न बोलता माझ्या तोंडाचा वास घ्यायची. मग बाजूला व्हायची किंवा व्हायची नाही. दारू सोडल्यावर तिसऱ्या महिन्यात तिनं ते आपणहून बंद केलं होतं, आणि त्या सोमवारी म्हणूनच मी पकडला गेलो नव्हतो. आज ती जवळ आली. मी पिशवी खाली ठेवली, तोंड उघडलं आणि तिचं होईपर्यंत उभा राहिलो.